बिजलीच्या मागावर

बिजली दोन रात्री रानातून परतली नव्हती आणि तिला शोधून आणायला तिघं निघाले होते: राधानगरीच्या वरच्या अंगाला म्हशी राखणारे सयाजीमामा, कोल्हापूरहून आलेला सोहेल आणि त्याची धाकटी बहीण शबनूर. म्हैस गाभण होती, दिवस भरलेले. या भावंडांचे अब्बा मौलाभाई गवळी आपल्या भाकड म्हशी दरवर्षी सयाजीमामांकडे चरायला धाडत आणि विण्याआधी घरी नेत. यंदा मौलाभाईंचा पाय मोडला आणि न्यायला उशीर झाला. त्यातच ओढ्याकाठी बिबट्याची पावलं उमटलेली! रानात व्यालेली एकटी म्हैस रेडकाला किती वेळ राखणार?

बिजली दोघांच्याच हाकेवर यायची. एक मौलाभाई, दुसरी शबनूर. निदान गेल्या दिवाळीपर्यंत तरी! पाडव्याला कोल्हापुरात म्हशी नटवून रस्त्यावर आणतात आणि मालकाच्या हाकेसरशी पळवतात. मौलाभाईंनी मोठ्या कौतुकानं लेकीला पुढं केलं. ती गर्दी बघून शबनूरला आपला बारीक आवाज पोरकट वाटला. तिनं घसा फुगवून अब्बांसारखी जाडजूड हाक ठोकली. बिजली ढिम्म! अख्खी गल्ली खो खो हसली. कुणीतरी वर ओरडलं, "म्हशीला मोबाईल लावा की!" त्यानंतर शबनूरनं बिजलीला चारा घातला, धुतलं, पुसलं, पण हाक म्हणून मारली नाही. आपल्या आवाजात दमच नाही, असं तिनं स्वतःच ठरवून टाकलं होतं.

रान निथळत होतं. पायवाट चिखलात बुडालेली, कारवीची ओली पानं तोंडावर फटके मारत होती, आणि थांबलं की जळवा पोटऱ्यांवर चढत होत्या. पुढं चाललेल्या मामांनी एकाएकी हात वर केला.

गवा! वाटेच्या मधोमध. काळाभोर, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर शिंगं. त्यानं नाकातून फुस्कारा टाकला.

"पळू नगासा," मामा ओठातल्या ओठात म्हणाले. "मागं सरका. हळू."

तिघं पाठ न फिरवता झुडपात शिरले. गव्यानं मान हलवली. एक पाऊल पुढं टाकलं. मग काय मनात आलं कोण जाणे, तो उतारानं निघून गेला. त्यानंतर सोहेल मामांच्या पाठीला चिकटूनच चालला.

वर कातळाच्या सपाट सड्यावर पोचले, तर धुकं इतकं दाट की दहा पावलांपलीकडचं झाड दिसेना. "आता मार हाक, पोरी," मामा म्हणाले.

शबनूरनं छाती भरून अब्बांची हाक मारली. काही नाही. परत मारली. घसा खरवडला, पण उत्तर नाही.

"चला माघारी," मामांनी निकाल दिला. "धुकं वाढालंय. खाली कडा हाय. उद्या चार माणसं घिऊन येऊ."

उद्या फार उशीर झालेला असेल, हे तिघांनाही माहीत होतं. शबनूरला पाडव्याचं हसू आठवलं. पण गोठ्यात कुणी नसताना बिजली वासरासारखी मागं मागं यायची, ती काय अब्बांच्या हाकेनं? तिनं त्या दोघांकडं पाठ केली. डोळे मिटले.

"याऽऽ बिजलूऽऽ... याऽऽऽ!"

बारीक, लांबलेली, तिची स्वतःची हाक. डाव्या हाताच्या घळीतून आखूड हुंकार आला.

"गवा असंल," सोहेल घाबरून म्हणाला.

"न्हाय भाई. बिजलीच हाय."

"मग ईना का?"

"रेडकू टाकून कशी यील?"

मामा धुक्याकडं बघत घुटमळले. "तुला पक्कं वाटालंय?"

"व्हय."

तिनं वाट पाहिली नाही. मुळ्या धरत, घसरत ती घळीत उतरली. मागून शिव्या देत दोघं! तळाला ओढा फुगलेला. पाणी मांड्यांना धक्के देत होतं. सोहेलचा पाय निसटला. शबनूरनं त्याची कॉलर पकडली. मामांनी काठी पुढं केली. तिघं कसेबसे पलीकडं लागले.

जांभळीच्या बुंध्याशी बिजली उभी होती. पायांत ओलं रेडकू, जिवंत! शबनूरच्या डोळ्यांत पाणीच आलं. ती पुढं धावणार, तेवढ्यात मामांनी तिला दंड धरून मागं ओढलं.

"थांब! ताजी व्यालेली म्हैस मालकालाबी शिंगावर घेती!"

बिजलीनं मान खाली घातली आणि चाल केली. चिखल उडाला. सोहेल झाडामागं, मामा दगडामागं. शबनूरचे पाय मात्र रोवल्यासारखे झाले. पळावं? पळाली असती तर म्हैस पाठीवर आली असती. तिनं हात खाली सोडले.

"याऽऽ बिजलूऽऽ!"

आवाज कापला. तिनं तो सावरला आणि पुन्हा तीच हाक दिली. जाड नाही, मोठी नाही. बिजलीची शिंगं हातभर अंतरावर थांबली. गरम श्वास शबनूरच्या पोटावर आला. मग म्हशीनं तिची ओढणी हुंगली.

"आयला!" दगडामागून मामा एवढंच म्हणाले.

शबनूरनं बिजलीला चुचकारून धरलं तेव्हा कुठं मामांनी रेडकू उचललं. परतताना ते मामांच्या घोंगडीत, सोहेलच्या खांद्यावर होतं आणि मामा सोहेलला धरून होते. ओढ्याकाठी बिजली अडली. शबनूर आधी पाण्यात उतरली, वळली, हाक मारली. म्हैस पाण्यात आली.

मामांच्या वाडीत रेंज मिळाली तसा मौलाभाईंचा फोन आला. सोहेलनं स्पीकर लावला.

"गावली व्हय? सयाजीनं काढली न्हवं?"

सोहेल बोलायच्या आत शबनूरनं फोन घेतला. तिचे हात अजून चिखलानं माखलेले होते.

"न्हाय अब्बा. मी काढली. माझ्या हाकंनं आली."

 मौलाभाई हसले. "शाब्बास! आता पाडव्याला दाव समद्यास्नी!"

"पाडव्याला बिजली पळणार न्हाय. रेडकू अंगावर पितंय तिचं."

अब्बांना इतकं ठाम तिनं आजवर कधी सांगितलं नव्हतं. ते काही म्हणायच्या आत तिनं फोन सोहेलच्या हातात दिला आणि रेडकाला चीक पाजायला बिजलीजवळ गेली.