एक काम राहू दे

बसा त्या टायरवर. आमच्या आचोळ्यात एकदा लाईट गेली की अर्धा तास तरी यायचं नाव घेत नाही, आणि ब्रेकचं काम मी चार्जिंगच्या दिव्यावर करत नाही. दिवा मधे ठेवतो, म्हणजे आपल्याला एकमेकांचं तोंड तरी दिसेल.

गाडी जुनी झाली तुमची, पण टाकायच्या लायकीची नाही. लोक काय करतात, जुन्या गाडीला रंग मारतात, सीटकव्हर बदलतात, एसी थंड होत नाही म्हणून माझं डोकं खातात. अहो, आधी ब्रेक बघा. मग रबर बघा. होज पाइप, बेल्ट, बुश. लोखंड बिचारं गंजतं तेव्हा सांगून गंजतं. रबर वरून चकचकीत राहतं आणि आतून कुजतं. त्यात आपल्याकडे खारी हवा, उंदीर वायरी खातात ते वेगळंच. थांबणं महत्त्वाचं, मग चालणं, आणि शोभा सगळ्यात शेवटी. हे मी सांगून सांगून थकलो.

आता तुम्ही बोललात, ब्रेक करून टाक, होज पाइपचं राहू दे, पुढच्या महिन्यात बघू. तुम्ही तिकडच्या एव्हरशाईनच्या बिल्डिंगांतली माणसं, घाईत असता, मला कळतं. पण हे एवढं माझ्यापुढे बोलू नका. राग नाही हो आला. काम मुद्दाम अर्धवट ठेवायचं म्हटलं की मला ऐकवत नाही. का, ते सांगतो. हसायचं तर हसा, फक्त मधे बोलू नका.

वटार गावात थेरेसा टीचर राहतात. शाळेतून रिटायर झालेल्या. त्यांचा नवरा ॲन्सेल्मकाका, केळी आणि पानवेलीची वाडी होती त्यांची. निळी जुनी गाडी होती, आणि तिच्यावर काकांचा असा जीव, की मला बोलवायचे, पण हात लावू द्यायचे नाहीत. अर्धं काम स्वतःच करायचे. आणि करायचे कसं, तर केळीच्या सोपटाने! सोपट म्हणजे केळीच्या खांबाचं वाळलेलं साल. पाण्यात भिजवलं की दोरीसारखं मऊ होतं, वाडीतली माणसं पानांच्या जुड्या त्यानेच बांधतात. काका वायर बांधणार सोपटाने, पाइप आवळणार सोपटाने. मी बोलायचो, "काका, हा गजरा आहे का? इंजिन तापलं की जळून जाईल." ते हसायचे. "तू येईपर्यंत टिकेल रे," म्हणायचे. त्यांची गाठही निराळी. डावखुरे होते, उलटा पीळ द्यायचे आणि टोक कापायचे नाहीत, आत खोचून ठेवायचे.

काका गेले. वाडीतच छातीत कळ आली. मुलगा, डिलन, कॅनडात. तो आला, क्रियाकर्म झालं, तो परत गेला. फोनवर आईला एकच सांगायचा, गाडी मोडीत दे. टीचरांना गाडी चालवता येत नाही. तरी त्यांनी मला फोन केला. "भूपेश, गाडी बघून जा."

थंडीचे दिवस होते. मी पोचलो तेव्हा चर्चची संध्याकाळची घंटा होत होती. तुम्ही वटारला गेला असाल तर ठाऊक असेल, ती अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंनी झाडं, उजेड आकाशात असतो पण रस्त्यावर उतरत नाही. शेवटचं घर त्यांचं. मागे बावखल आहे, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं. त्याचा शेवाळी वास आणि कुजक्या केळीच्या पानांचा वास, दोन्ही मिळून नाकात बसतात. आजूबाजूची दोन घरं बंदच. मुलं परदेशात, आईबाप देवाघरी. एवढ्या मोठ्या घरात बाई काठी टेकत एकट्या फिरायच्या. मला ते बघूनच कसंतरी झालं.

गाडी मागच्या पडवीत. ब्रेकचं तेल गळत होतं, बेल्टला भेगा, बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा थर, होज पाइप फुगून मऊ झालेला. टीचर टॉर्च धरून उभ्या. मी बोललो, दोन दिवसांत गाडी नवी करून देतो. तर त्या हळूच म्हणाल्या, "सगळं करू नकोस. एक काम राहू दे."

"कशाला?"

"राहू दे रे. मी सांगते ना."

म्हातारं माणूस, वाद कशाला घाला. होज पाइप तसाही माझ्याकडे नव्हता. बाकीचं केलं, तो ठेवला.

पुढच्या खेपेला पाइप घेऊन गेलो. बॉनेट उघडलं आणि बघतच राहिलो. फुगलेल्या जागेवर सोपट गुंडाळलेलं. ओलं. उलटा पीळ, टोक आत खोचलेलं. मी इंजिन चालू केलं, पंखा फिरायला लागेपर्यंत तापू दिलं. त्या पाइपातून उकळतं पाणी जातं हो, हात लावला तर सालपट निघेल. एक थेंब बाहेर आला नाही. आणि सोपट सुकलं नाही. थंडगार होतं.

मला वाटलं, बाईंनीच बांधलं. पण त्यांची बोटं संधिवाताने वाकडी झालेली, गाऊनचं बटण लावताना त्रास व्हायचा. मी विचारलंच, "हे कुणी केलं?"

त्या चहा गाळत होत्या. मागे न बघता म्हणाल्या, "तो करतो."

"कोण?"

"तुझे काका. दिवेलागणीला येतो. मी मागचं दार लोटून ठेवते, कडी घालत नाही. पान्याचा आवाज येतो, पाना खाली ठेवला की लादीवर वाजतो... मी इथे बसून रोझरी म्हणते. बघायला जात नाही. एकदा गेले होते, तर आवाज थांबला. मग चार दिवस आलाच नाही." त्यांनी कप माझ्यापुढे ठेवला. "घरात कुणाचा तरी आवाज असतो, भूपेश. तुला नाही कळायचं."

मला न कळायला काय झालं? मीही गॅरेजच्या मागच्या खोलीत एकटाच राहतो. चहा तसाच ठेवून निघालो.

घरी येऊन विचार केला. बाईंचं डोकं ठिकाणावर नाही, एकटेपणाने माणसाला काय काय ऐकू येतं. गाडीत काही बिघाडच राहिला नाही, तर हे खूळ आपोआप उतरेल. आणि खरं सांगू, मला त्या सोपटाची चीडही आली होती. माझ्या हाताखालच्या गाडीत सोपट? गाडी इथे आणली. ब्रेक, बेल्ट, सगळे होज, बुश, प्लग, वायरी, एकूण एक. सोपट कापून कचऱ्यात फेकलं. एक स्क्रू ढिला ठेवला नाही. मी माझं काम केलं, आणि त्यात माझं काही चुकलं असं मला अजून वाटत नाही.

गाडी परत नेऊन लावली. टीचरांनी बॉनेट उघडायला लावलं. टॉर्च मारून इकडे बघितलं, तिकडे बघितलं. काहीतरी शोधत होत्या.

"सगळं केलंस?"

"सगळं. आता दोन-तीन वर्षं बघायला नको."

त्यांचा चेहरा उतरला. टॉर्च बंद केली आणि काठी टेकत आत निघाल्या. दारात थांबल्या. "मग आता तो कशाला येईल?"

त्या दिवशी मला चहा मिळाला नाही. वटारहून आचोळ्यापर्यंत ते एवढंसं बोलणं माझ्या डोक्यातून गेलं नाही. खूप वाईट वाटलं मला.

मग बरेच दिवस फोन नाही. मीही केला नाही. एक दिवस आला. आवाज असा खुललेला, की मला आधी ओळखूच आला नाही. "ये ना. चहाला ये."

गेलो. पुन्हा तीच वेळ, मला कामातून दुसरी सापडतच नाही. फाटक उघडायला टीचर स्वतः आल्या. झपझप चालत. काठी नाही.

"टीचर, गुडघा बरा झाला?"

त्या लाजल्या. खरंच, नव्या नवरीसारख्या लाजल्या. स्वयंपाकघरात बसल्यावर त्यांनी गाऊन जरासा वर केला. गुडघ्याला सोपट बांधलेलं. ओलं. त्यातून पाणी पायावर ओघळत होतं आणि लादीवर थारोळं साचलं होतं. उलटा पीळ. टोक आत खोचलेलं.



"गाडीत तू काही ठेवलं नाहीस ना," त्या म्हणाल्या, "म्हणून मग तो आत आला. बोटं पण बघ." त्यांनी बोटं उघडली, मिटली. सरळ झाली होती. प्रत्येक पेराला बारीक बारीक धागा.

मी उठायला लागलो. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "बस. आवाज करू नकोस... आलाय."

पडवीत पाना वाजला. लादीवर ठेवल्यासारखा, एकदाच. हा आवाज मी आयुष्यभर ऐकत आलोय, त्यात माझी चूक व्हायची नाही. मग ग्रीसचा वास आला. त्याच्यात बावखलाचा वास. पावलं नव्हती, काहीतरी ओलं जमिनीला चिकटून सुटत होतं... चिकटून सुटत होतं.

"आज मोठं काम आहे," टीचर कुजबुजल्या. "छातीचं. डॉक्टर म्हणाले होते ना, काळजाची झडप नीट बसत नाही, या वयात ऑपरेशन नको. तो म्हणतो, होईल... इंजिन खोलावं लागेल."

शेजारच्या खोलीचं दार उघडं होतं. पलंगावर धुतलेली जुनी चादर चारी बाजूंनी नीट खोचलेली. काका बॉनेट उघडायच्या आधी मडगार्डवर अशीच चादर घालायचे, रंगाला ओरखडा पडू नये म्हणून.

"टीचर, चला. माझ्या गाडीत बसा. आत्ताच्या आत्ता. आपण डिलनला फोन लावू."

"आणि तो इथे येईल तेव्हा मी नसले तर?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच लहान मूल आहे. "पुन्हा एकदा नाही रे जमणार मला. एकदा गेला तेवढं पुरे झालं."

मी त्यांचा हात धरून ओढला. त्या जागच्या हलल्या नाहीत. तेवढ्यात मागचा आवाज दारापाशी येऊन थांबला. दार हळूच आत आलं, वीतभर... आणि तिथेच राहिलं. मी निघून जायची कुणीतरी वाट बघत होतं.

मी पळालो. काय करणार? चपला तिथेच राहिल्या. चर्चपाशी माणसं दिसली, दोघांना घेऊन परत गेलो. दारं आतून बंद. हाका मारल्या, तर टीचर आतून म्हणाल्या, "मी बरी आहे, उद्या या." दोघं माझ्याकडे बघून चालते झाले.

सकाळी गेलो. मनात वाईटसाईट धरूनच गेलो. टीचर वाडीत होत्या. केळीचा घड खांद्यावर घेऊन येत होत्या, तरण्या बाईसारख्या. धाप नाही, घाम नाही. घड खाली ठेवला आणि माझा हात धरून आपल्या छातीवर ठेवला, गाऊनच्या वरून. "बघ, किती छान चालतंय."

चालत होतं. माणसाचं काळीज हाताला लागतं तेव्हा जरा पुढेमागे होतं हो. श्वास घेतला की बदलतं, बोललं की बदलतं. हे बदलत नव्हतं. टीचर हसल्या, घड उचलला, पुन्हा ठेवला, हे आपलं एकसारखं. मी उत्तम ट्यून केलेलं इंजिन थंडीत असं चालतं. गाऊनच्या कापडाखाली काहीतरी ओलसर, आडवं-उभं गुंडाळलेलं हाताला लागलं, आणि मी हात काढून घेतला.

त्या आजही आहेत. डिलन खूश आहे, आईची तब्येत सुधारली म्हणून. मी तिकडे जात नाही.

पण मागच्या आठवड्यात फोन आला. "भूपेश, माझं सगळं झालं बघ. तो आता रिकामाच असतो." मग आवाज खाली आणून, मायेने, "तो विचारत होता... तुझं काय दुखतं?"

फोन ठेवून द्यायचा ना? शहाण्या माणसाने ठेवलाच असता. पण मला सांगा, तुम्हाला घरी कुणीतरी विचारत असेल. मला कितीतरी वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. मागे मी तापाने फणफणलो होतो, तर शटर बंद बघून गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली, ते वर करून कुणी बघितलं नाही. आणि मी सांगितलं. सगळं सांगितलं, कुठे दुखतं, केव्हापासून दुखतं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बरं. सांगते त्याला."

आली बघा लाईट. उठा, तुमचे ब्रेकही होतील आणि होज पाइपही होईल, आज रात्री निर्धास्त घरी जा. अहो, ते शटर ओढू नका. दिवेलागणीनंतर मी ते हातभर उघडंच ठेवतो हल्ली.