कैतेनचं वजन

लाकूड पाणी पितं. जहाजाचं मॉडेल टाकीत सोडलं की संध्याकाळपर्यंत ते थोडं जड होतं, म्हणून आम्ही दिवसातून दोनदा त्याचं वजन करतो. चाचणीशाळेत हे काम कुणालाच आवडत नाही. मला आवडायचं. २००६च्या नोव्हेंबरात तर माझ्या आयुष्यात सरळ हिशोबाने चालणारं तेवढंच उरलं होतं.

बॉनपासून रेगिओनालबानने, म्हणजे तिथल्या लोकल गाडीने, तासाभरावर, ऱ्हाइनच्या काठी ही जागा आहे. शंभर मीटर लांब टाकी, वर पत्रा, ओल्या सिमेंटचा वास आणि बारा महिने गारठा. मी तिथे पीएचडी करत होते. उत्तरेकडच्या एका संग्रहालयाने आमच्याकडे एका जुन्या वाफेच्या युद्धनौकेचं मॉडेल धाडलं होतं, खऱ्या जहाजाच्या विसाव्या हिश्शाएवढ्या लांबीचं. प्रशियाच्या आरमारासाठी डान्झिगला बांधलेली ही नौका एका हातून दुसऱ्या हाती विकली जात जपानला पोचली आणि तिथे तिचं नाव कैतेन पडलं. १८६९ साली तिथल्या यादवी युद्धात, मियाकोच्या उपसागरात, तिने शत्रूच्या चिलखती जहाजाला धडक दिली. बेत असा, की शेजारी लागायचं, सगळ्यांनी एकदम उड्या मारायच्या आणि जहाज ताब्यात घ्यायचं. पण कैतेनच्या दोन्ही अंगांना पाणी कापणारी मोठाली चाकं होती. ती कुशीला लागेचना. नुसतं नाक शत्रूवर चढलं. दोन पुरुष उंचीवरून एकेकाला उडी मारावी लागली, आणि खाली फिरत्या नळ्यांची बंदूक तयार होती. अर्ध्या तासात सगळं आटोपलं.

चाकं आड आली नसती तर जहाज कितपत कुशीला लागलं असतं, एवढंच आम्हाला मोजायचं होतं. टाकीत एक ठोकळा बांधून आम्ही कैतेनला त्याच्यावर पुन्हा पुन्हा नेऊन आपटत होतो.

पहिल्या संध्याकाळी मॉडेल सात ग्रॅम हलकं भरलं. दुसऱ्या संध्याकाळी आणखी चौदा. तिसऱ्या दिवशी पुन्हा सात. रंग उडालेला नव्हता, एकही खिळा पडलेला नव्हता. तीस वर्षं तिथे काम केलेले आमचे तंत्रज्ञ हेर (म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत) ल्यूडर्स आधी काट्यावर चिडले, मग माझ्यावर. प्रमाण वजनं ठेवून पाहिली, तर काटा बिनचूक होता.

"लाकूड हलकं होत नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी मॉडेल पाण्यात सोडायचं काम माझ्यावर ढकललं.

प्रसन्न, माझा नवरा, तेव्हा बॉनच्या रुग्णालयात होता. स्वादुपिंडाचा कर्करोग. ऑक्टोबरपासून डॉक्टरांनी उपचारांचं बोलणंच सोडलं होतं. दिवसा पुण्याहून आलेल्या सासूबाई, मी त्यांना आईच म्हणते, त्याच्याजवळ बसत, मी सकाळ-संध्याकाळ. आजारी पडण्याआधी तो दूर गेर्लिंगेन गावच्या एका कंपनीत मेकॅनिकल इंजिनिअर होता. उठून बसवत नव्हतं, पण दुसऱ्याच्या आकडेमोडीत नाक खुपसायची खोड गेली नव्हती.

"सात, चौदा, सात," तो डोळे मिटूनच म्हणाला. "वीसचा घन आठ हजार. म्हणजे तुझ्या एका ग्रॅमला खरे आठ किलो. सातला छप्पन."

"मग?"

"त्या काळातला जपानी माणूस, कमरेला तलवार. छप्पन भरेल की."

"ताप आहे तुला."

"आहेच. पण गणित बरोबर आहे."

मी हसले. मग बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन तेच गणित मोबाइलवर करून पाहिलं. परत आले तेव्हा तो माझ्याकडेच बघत होता.

"कादंबरी," त्याने माझं नाव घेतलं, "शेवटी तू इथे असशील ना?"

"असेन."

"कामात अडकशील."

"नाही अडकणार. शब्द देते."

शुक्रवारी सकाळी नर्सने त्याचं वजन घेतलं. चाळीस. तो झोपेत होता, श्वास संथ होता. मला निघवत नव्हतं.

"जा गं," आई म्हणाल्या. "मी आहे ना. एवढं आटपून दुपारी ये."

शेवटचीच फेरी होती, म्हणून गेले.

पावणेअकराला कैतेन ठोकळ्यावर आदळली. लाटा निवल्या. हेर ल्यूडर्सनी तिला क्रेनने उचललं, पुसलं, काट्याला टांगलं. त्यांचा चेहरा एकदम सैल झाला.

"चला, आज जड झालीय. पाच ग्रॅम."

"पाणी प्यायलं असेल," मी म्हणाले.

"अगदी बरोबर. शेवटी लाकूडच ते." मी तिला परत पाण्यात सोडलं आणि ते कॉफी आणायला गेले.

पाचाला आठाने गुणायला मला मोबाइल लागला नाही.

ऑफिसातला फोन वाजायला लागला. मी गेले नाही. पलीकडे आई असणार आणि त्या काय सांगणार, हे मला कळलं होतं. मी शब्द दिला होता, आणि मी गमबूट घालून तासाभराच्या अंतरावर उभी होते. त्याची लाज आजही वाटते.

फोन थांबला. पुन्हा वाजला.

मी टाकीच्या काठावर बसले. पाणी अगदी स्थिर होतं. मॉडेलच्या मधोमध जहाजाचा कल दाखवणारी सुई असते. ती शून्यावर होती.

मग ती माझ्या बाजूला सरकली. अर्धा अंश.

पाच ग्रॅमने एवढं जहाज कलत नाही. हे मी विद्यार्थ्यांना शिकवते.

मी उठले. लोखंडी पुलावरून पलीकडच्या काठावर गेले आणि उभी राहिले.

सुई शून्यावर आली. तिथे थोडा वेळ थांबली. मग सावकाश माझ्या बाजूला आली.