नीरूची वाट

नीरूला गावात पाऊलसुद्धा टाकू द्यायचं नाही, असं महानंदानं पहाटे वाकळीतच ठरवून टाकलं. धाकट्या ललीला तिनं कोपरानं ढोसून उठवलं, तोंडावर बोट ठेवलं आणि दोघी बहिणी चपला हातात घेऊन हळूच अंगणाबाहेर पडल्या. उदगीरच्या सडकेला लागल्यावर मग चपला पायात घातल्या. नीरू येणार तर ह्याच सडकेनं येणार, कारण अव्वा रोज सकाळी इकडंच डोळे लावून बसायची.

आता ही नीरू कोण, ते महानंदाला तरी कुठं ठाऊक होतं? तिला एवढंच कळलं होतं, की अव्वाचा तिच्यावर भारी जीव आहे. अव्वा म्हणजे तिची आजी, शांतम्मा. बसवंतवाडी उदगीरपासून जवळ, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. तिथं घरात बोलणं कानडी आणि बाजारात मराठी. महानंदाचे वडील मात्र नोकरीनिमित्त लोह्याला राहिले, आई तिकडचीच, त्यामुळं दोन्ही मुलींना कानडीचा गंध नव्हता. एरवी अव्वाच दसऱ्याला लोह्याला यायची. यंदा मे महिन्याच्या सुट्टीत प्रथमच मुली तिच्याकडं राहायला आल्या होत्या, आणि इथं पाहतात तर अव्वाला अगोदरच एक नात होती!

ती जगदेवी. शरणप्पाकाकांची मुलगी, महानंदाएवढीच. अव्वाच्या पुढं-मागं असायची. अव्वा सकाळी कपाळाला भस्म लावून, तळहातावर लिंग घेऊन पूजेला बसली, की पळीभर पाणी द्यायला जगदेवी हजर. दुपारी अव्वा वाकळ शिवायला बसली, की सुईत दोरा ओवायला जगदेवी हजर. दोरा ओवता ओवता दोघी कानडीत गुलुगुलु बोलायच्या आणि हसायच्या. महानंदाही सुई घेऊन बसली होती एकदा. तिनं ओवलेला दोरा अव्वानं काढून पुन्हा जगदेवीकडं दिला, का तर तो फार लांब होता. तेव्हापासून महानंदाचा नुसता जळफळाट चालला होता.

जगदेवीचं एक वेळ सोसलं असतं. पण उठल्या उठल्या अव्वा विचारायची, “नीरू बंता?” बंता म्हणजे आली का, आणि बंदिल्ला म्हणजे नाही आली, एवढं कानडी महानंदानं उचललं होतं. बंदिल्ला ऐकलं की अव्वाचा चेहरा उतरायचा. लोह्याहून दोन नाती आल्यात, त्यांचं काही नाही. सगळा ध्यास त्या नीरूचा!

तुम्ही म्हणाल, मग सरळ विचारायचं होतं. कुणाला, जगदेवीला? महानंदा मेली तरी तिला विचारणार नव्हती. आणि अव्वाला विचारावं, तर मनातला जळफळाट उघडा पडायचा.

आणि काल संध्याकाळी तर कहर झाला. ओट्यावर अव्वा आणि काका हलक्या आवाजात बोलत होते. त्यातलं महानंदाला कळलं ते असं: नीरू, महानंदा, लली, एस्टी, लोहा. झालं! नीरू येणार म्हणून ह्या दोघींना एस्टीत बसवून लोह्याला परत धाडणार. रात्री महानंदाचा डोळा लागला नाही. सुट्टी अजून निम्मी शिल्लक होती, आणि अव्वानं अजून एकदाही तिला आपणहून जवळ घेतलं नव्हतं.

“नीरूचा फ्रॉक कसा असंल गं?” ललीनं विचारलं.

“गप चाल.”

सडकेच्या दोन्ही बाजूंना रानं काळीभोर आणि उघडी पडली होती. दोन वर्षं पावसानं दगा दिला होता. विहिरींच्या तळाला शेवाळसुद्धा उरलं नव्हतं. लातूर वेगळा जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती, आता साहेब जवळ आला, आता गावाचं नशीब उघडणार, असं सगळे म्हणत होते. उघडलं होतं ते एक टँकर येण्यापुरतं. तोही ठेकेदाराचा, आणि गावात आला की अर्ध्या रांगेतच खडखडायला लागायचा.

ओढ्याच्या वळणावर सिद्रामप्पाची वीटभट्टी होती. नवा जिल्हा झाल्यापासून तिकडं बांधकामांना असा ऊत आला होता, की विटा गार व्हायच्या आत विकल्या जायच्या. तिथंच, भट्टीच्या आडोशाला, गावाचा टँकर उभा होता. त्याचा जाड पाइप मातीच्या खड्ड्यात सोडलेला, आणि पाणी भदाभदा पडत होतं. ललीनं धावत जाऊन ओंजळ धरली.

टँकरवाला लिंबाजी दचकला. महानंदाला मात्र पाण्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिनं थेट केबिनच्या पायरीवर चढून आत पाहिलं आणि विचारलं, की तुमच्या गाडीत नीरू नावाची मुलगी आली आहे का.

“कोन नीरू?” लिंबाजी म्हणाला. “हितं कुनी न्हाई. म्या जरा इंजिन गार करून राहिलो. जावा घरी.”

उन्हं तापेपर्यंत दोघींनी वाट पाहिली. नीरू काही आली नाही.

परतल्या तेव्हा जगदेवी दारातच उभी होती. कुठं गेला होता, अव्वा किती घाबरली, असं तिनं फैलावर घेतलं. महानंदाच्या मनात साचलेलं सगळं बाहेर आलं. ती ओरडली, “तुमच्या नीरूला परत पाठवायला गेले होते! पण ती नाहीच आली. भट्टीवर नुसता टँकर मोकळा होत होता.”

जगदेवी तिच्याकडं बघतच राहिली. मग तिला असं हसू फुटलं, की पोट धरून उंबऱ्यावर बसली.

“अगं, नीरू म्हणजे पाणी! कानडीत पाणी!”

महानंदाच्या कानशिलांना चटका बसला. धरणी दुभंगली असती तर ती आनंदानं आत गेली असती. पण जगदेवीचं हसू मध्येच थांबलं.

“टँकर भट्टीवर काय करत होता म्हणालीस?”

आणि मग भांडण बाजूला राहिलं. जगदेवीला लगेच कळलं, की गावाचं पाणी विटांच्या चिखलात चाललं आहे. काकांना सांगू, ती म्हणाली. महानंदाला ते पटेना. लिंबाजी पुन्हा इंजिनाचंच कारण सांगणार, आणि मोठी माणसं पोरींच्या बोलण्यावर विश्वास ठेवणार? सरपंच गुरुबसप्पा तर टाकीत न डोकावताच ‘भरून आला’ म्हणून मान डोलवायचे.

“रांग रोज गावात लागते ना?” महानंदा म्हणाली. “उद्या ती भट्टीवर लावू.”

जगदेवीनं तिच्याकडं जरा आदरानंच पाहिलं. महानंदाला ते आवडलं, पण तिनं तसं दाखवलं नाही.

दोघींनी मिळून अव्वाला गाठलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, डोक्यावरचा पदर नीट केला आणि शेजारणींकडं निघाली. दुपारभर ती ह्या घरातून त्या घरात फिरत होती. वाकळीचे तुकडे मागायला आले, असं पुरुषमंडळींना सांगत होती.

दुसऱ्या दिवशी सूर्य वर येतो न येतो तोच टँकर ओढ्याच्या वळणावर थांबला. लिंबाजीनं पाइप खड्ड्यात सोडला, तोटी फिरवली आणि बिडी काढली. ती पेटवायच्या आत कच्च्या विटांच्या थप्प्यांमागून अव्वा घागर घेऊन आली. तिच्यामागं आणखी बाया, कळशा, हंडे, डबे. एकीमागं एक, पाइपासमोर मुकाट रांग लागली.

“लिंबाजी, पानी आता हितंच वाटतूस व्हय?” अव्वानं विचारलं. “बरं झालं. आमी बी रांग हितंच लावली.”

लिंबाजीची बिडी मातीत पडली. इंजिन गार करत होतो म्हणावं, तर पाइप टाकीचा! सिद्रामप्पा पंचा सावरत धावत आला आणि थोडंसंच घेतो, विकत घेतो, असं काहीबाही बोलून आणखीच अडकला. जगदेवी तोवर शिडीवरून टाकीवर चढली होती. आतलं पाणी काठापासून हातभर खाली गेलंय, असं तिनं वरूनच सांगितलं. इतक्यात लली सरपंचांना हाताला धरून घेऊन आली. त्यांना शिडी चढून स्वतः डोकावावं लागलं. खाली उतरले तेव्हा त्यांची मान डोलत नव्हती, खाली गेली होती.

ठेकेदार बदलला, आणि टँकर भरण्यापासून गावापर्यंत ग्रामसेवक केबिनमध्ये बसून यायला लागले. सरपंचांनी चावडीसमोर मुलींना बोलावलं, सगळ्यांच्या देखत पाठ थोपटली. आमच्या नाकासमोरची चोरी आम्हाला दिसली नाही, ह्या पोरींनी धरली, असं मोकळेपणानं म्हणाले. मग त्यांनी विचारलं, “पन पोरी, तुला कळलं कसं?”

महानंदा ललीच्या मागं सरकली. जगदेवीनं मात्र सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. चावडी हसून लोटपोट झाली. एकटी अव्वा हसली नाही. तिनं महानंदाला ओढून कुशीत घेतलं.

“आगं, पान्यावर जळलीस?” ती म्हणाली. “सगळी दुनिया आगीनं जळती, तू पान्यानं जळलीस?”

“मला परत पाठवणार होतीस,” महानंदा तिच्या पदरात तोंड खुपसून म्हणाली.

“हाव, धाडनार व्हते. नाती पैल्यांदा घरी आल्या, अन् त्यांना प्याया धड पानी न्हाई. मला लई लाज वाटली, बाई.”

अव्वाचे हात तिच्या पाठीवरून फिरत राहिले, आणि ती तशीच उभी राहिली.

त्या रविवारी घरातली सगळी भांडी भरली. अव्वानं बंब पेटवला, शिकेकाई काढली आणि महानंदाला न्हाणीतल्या दगडावर बसवलं. महिन्यातलं पहिलं डोक्यावरून न्हाणं! अव्वा खसाखसा केस चोळत होती. जगदेवी दारात गाल फुगवून उभी होती. ती कानडीत काहीतरी फणकारली. अव्वा चोळायची थांबली.

“काय म्हणाली?” महानंदानं विचारलं. आता ती सगळं विचारत असे.

“म्हंती, आता अव्वा माझ्याशी बी मराठीतच बोलती. माझी अव्वाच पळवली.”

महानंदानं डोळ्यांतली शिकेकाई पुसून जगदेवीकडं पाहिलं. तिला दया यायला हवी होती, पण आधी चांगलं गार गार वाटलं, खोटं कशाला सांगा! जगदेवी आपल्यावर जळते! मग हळूहळू ते गार वाटणं ओसरलं, कारण तो फुगलेला चेहरा तिच्या फार ओळखीचा होता. ती दगडावर एका कडेला सरकली.

“ये,” ती म्हणाली. “पण पहिला तांब्या माझा.”