माझीच पाटी तेवढी

नाते गावाजवळच्या सडकेच्या कामावर त्याच्या पहिल्याच दिवशी मी त्याच्यावर आदळले. पहाटेचं धुकं दाट होतं. डोईवरची पाटी कलंडली आणि सगळी खडी त्याच्या पायांवर!

"बघून चाल गो! नव्या मुकादमाला पहिल्याच दिवशी लंगडा करतेस?"

"वाटेत उभं कशाला राहायचं मग..." म्हटलं, आणि जीभ चावली. मुकादम!

तो मात्र हसला.

आधीचा मुकादम छत्रीखालून ओरडायचा. त्याची पाठ वळली की आमच्या पाट्या अर्ध्याच भरायच्या. हा नवा, हैबती, निराळा. वाकून एकेकीच्या पाटीला हात लावायचा, चुंबळीवर नीट बसवून द्यायचा. लेकुरवाळीला लवकर सोडायचा, भाकरीला सगळ्यांच्या मागून बसायचा. मग न सांगताच पाट्या शिगोशीग भरू लागल्या. म्हातारी रंगूबाई तर गाणीही म्हणू लागली.

माझ्या पाटीला मात्र त्यानं कधी हात लावला नाही. माझ्यापाशी आला की नजर नदीकडे. "रंगूबाय, हिला हात लाव गो," आणि पुढे.

रोज तुळशीला पाणी घालताना विचारायची – आई, माझं काय चुकलं? सोमवारी उपास. बाकीच्या भाकरीला बसल्या की मी आंब्याखाली डोळे मिटून जप करायची. ओठांवर शंभूचं नाव, आणि कान... कान त्याच्या पावलांकडे.

माघात ठेकेदारानं त्याला पोलादपूरच्या घाटात मोठी टोळी दिली. शेवटच्या संध्याकाळी त्यानं सुटीची शिट्टी वाजवली, ती नव्या मुकादमाच्या हाती दिली आणि सरळ माझ्याकडे आला. माझी एक पाटी उरली होती. तो वाकला. काठाला हात लावला.

"आज कसा हात लावलात?"

"आता इथला मुकादम नाय मी."

"म्हंजे?"

"तुझ्या पाटीला हात लावला असता तर माझ्या तोंडावर सगळं दिसलं असतं, आवडी. मुकादमानं एकीचे लाड केल्यावर बाकीच्यांनी जीव ओतून काम का करावं?"

पाटी दोघांच्या हातांत तशीच राहिली.

"अगो, पाटी चढवताय का आरती करताय?" रंगूबाई लांबून ओरडली.

मी खाली बघून विचारलं, "सोमवारी तुमची भाकरी फडक्यात तशीच कशी राहते?"

तो चपापला. "तुझे डोळे तर मिटलेले असायचे ना?"

"एकच..."

तो केवढा हसला! मग हळूच म्हणाला, "तू उपाशी असलीस की घास उतरत नाय. शिमग्याला येईन. तुझ्या बाबाला भेटू?"

"भेटा," मी म्हटलं. एवढंच जमलं.

शिमगा अजून लांब आहे. आज सोमवार. तुळशीपुढे दिवा लावून मी घाटाकडे तोंड करून बसले आहे. उपास सोडायचं ताट समोर आहे. तिकडे त्यानं फडकं सोडलं असेल का... नसेल अजून. जरा थांबते.