कापशीचा मुऱ्हाळी

धुळ्याहून अमळनेरला निघालेल्या एसटीत ममताच्या शेजारची पिशवी हलली.

पिशवी आपोआप हलत नसते. ममताने ब्लाउजपीसचं गाठोडं मांडीवर ओढून घेतलं नि पिशवीवाल्याकडे तिरपं पाहिलं. उंच गडी, हातांना ग्रीसचे डाग, नजर खिडकीबाहेर. चोर असाच खिडकीबाहेर बघतो.

“काय आहे हो पिशवीत?”

“काही नाही... भाजी.”

“भाजीला कान असतात?”

दोन पांढरे कान खरंच वर आले होते. गडी मिरचीसारखा लाल झाला.

“सशाचं पिल्लू आहे. बहिणीनं गळ्यात मारलं. पण अमळनेरात माझ्या घरमालकिणीची मांजर आहे — वाघीण नुसती! तुम्ही... पाळाल का?”

नाव अभिमन. पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग करून द्यायचं त्याचं दुकान होतं.

फुकट वस्तू दिसली की ममताला आधी संशय यायचा. मागल्या वर्षी पाचोऱ्याचं एक स्थळ असंच गोड बोलून, दोनदा पोहे हाणून गेलं, नि साखरपुडा भलतीकडेच उरकला. तेव्हापासून गोड बोलणाऱ्याच्या जिभेखाली ती आधी सुरी शोधायची. शिवाय आणखी एक गोष्ट तिला खटकली. कंडक्टर तिला ताई म्हणाला, पुढच्या सीटवरचे म्हातारे आबा ताई म्हणाले, हा मात्र एकदाही ताई म्हणाला नाही!

पण पिल्लाने तिच्या मनगटाला गार नाक लावलं... आणि तिथंच घात झाला.

“हाई काय आनं वं?” घरी आई, सुंदरबाई, कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. “ससा? आणि फुकट? अगं, फुकट कोणी गोवरीचा तुकडा देत नाही. त्या पोऱ्याच्या मनमा काय शे?”

काय होतं कोण जाणे. पिल्लू मात्र शिलाई मशीनच्या मागे जाऊन बसलं ते हलेचना. जवळ गेलं की मागचा पाय दाणकन आपटायचं. पाल्याला तोंड लावेना. कापसासारखी म्हणून तिचं नाव कापशी ठेवलं, तर नावाला जागून ती कापसाचा गोळा होऊन पडली. उतरताना अभिमनने दिलेल्या नंबरावर ममताने घाबरून फोन केला.

अभिमन लसूणघासाची पेंढी नि नवा माठ घेऊन आला.

“उचललं का तिला?”

“उचललं, कुरवाळलं. आईने तर दृष्टही काढली.”

“मग काय करेल बिचारी! नवी नवरी उतरली नाही तोच साऱ्या गल्लीनं पदर सारून तोंड बघावं, तसं झालं की.” त्याने माठ अंधाऱ्या कोपऱ्यात आडवा ठेवला, आत गोणपाट अंथरलं. “ऊनही फार आहे, माठात गार वाटेल. आता मागे लागू नका. नुसतं जवळ बसा... तिला येऊ द्या.”

आणि स्वतः बाहेर पायरीवर जाऊन बसला.

“आत या की.”

“नको. कापशी बिचकेल.”

“कापशी की तुम्ही?”

“दोघं,” तो म्हणाला, नि चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिला.

मग तो येतच राहिला. सुंदरबाई दारातून पेंढीकडे बघायची नि पुटपुटायची, “ससा मुठीएवढा, घास म्हशीचा!” ममतालाही कळेना. आत येत नाही, गोड बोलत नाही, काही मागत नाही. न मागणारा माणूस तर आणखीच धोक्याचा!

एका दुपारी कापशी माठातून बाहेर आली. थांबली... नाक हलवलं... आणि ममताच्या तळव्यावरचा घास खाऊ लागली. आनंदाने ममताने मान वर केली. अभिमन कापशीकडे बघतच नव्हता. नजर सापडताच त्याने घाईने पेंढी सोडली, बांधली, परत सोडली.

आता बोलेल, असं ममताला वाटलं. तो म्हणाला, “पाणी बदलत जा रोज.”

आखाजी, खानदेशातली अक्षय्य तृतीया, उद्यावर आली. गल्लीच्या निंबाला झोका बांधलेला, घरोघरी सांजोऱ्या तळायचा वास. सासरी गेलेल्या लेकींना आणायला भाऊ मुऱ्हाळी होऊन निघालेले. अशात अभिमन पायरीवर उभा राहून हसत म्हणाला, “मावशी, मी मुऱ्हाळी आलोय!”

ममताच्या हातातली कात्री थांबली. मुऱ्हाळी? म्हणजे भाऊ? एवढ्या पेंढ्या... भाऊ म्हणून?

“अरे वा!” सुंदरबाईचा चेहरा उजळला. “म्हणजे भाऊ झालास की! आणि मी मेली काय काय धरून बसले होते मनात. ममता, ताट आण. ओवाळ याला.”

ममताने निरांजन लावलं. शेवटी हाही पाचोऱ्याचाच निघाला, फक्त पोहे न खाता. तिने ताट उचललं, कुंकवाचं बोट त्याच्या कपाळाकडे नेलं...

“थांबा!” अभिमन पायरीवरून एकदम मागे सरला, कुंडीच उलटायची. “मावशी, मी कापशीचा मुऱ्हाळी! तिला धुळ्याला तिच्या आईकडे न्यावं म्हटलं... गंमत हो! हिचा भाऊ नाही मी!”

“मग हिचा कोण?”

अभिमनने कलंडलेली कुंडी सरळ केली.

“ते... हिला विचारा. पिशवी हलली त्या दिवसापासून मी नुसता जवळ बसलोय. हिनं यावं म्हणून.”

ममताने ताट हळूच खाली ठेवलं. सुंदरबाई पदराआड हसत होती. तेव्हा कुठे ममताला उमगलं की ताट ओवाळायला मागवलंच नव्हतं!

“माले बठ्ठं माहीत शे, सगळं,” सुंदरबाई म्हणाली. “पण तोंडानं वदवून घेतल्याशिवाय मी लेकीच्या बाबतीत कोणाचं खरं मानत नाही. आणि कापशीला कुठं नेतोस? बघ.”

कापशी ममताच्या पायाशी पाय ताणून आडवी पसरली होती. बिनघोर.

“पुढच्या आखाजीला माझा लेक ज्ञानेश्वर वरणगावहून येईल, बहिणीचा मुऱ्हाळी होऊन. त्यानं कुठल्या दारात यायचं, तेवढं सांगून ठेव.”

अभिमन पुन्हा चपलेच्या अंगठ्याकडे बघू लागला.

“मांजर नसलेल्या,” ममताच बोलून गेली.