चाळीस खोटे समूह

आयर्लंडात कॉर्क शहराजवळच्या बॅलिन्कॉलिगमधल्या त्या घरातल्या सगळ्यांत लहान खोलीला घरमालकाने जाहिरातीत 'तिसरी बेडरूम' म्हटलं होतं. तिच्यात एक टेबल, एक खुर्ची आणि हृषीकेश एवढंच मावत असे. २०२१ चा जानेवारी होता. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी होती, आणि हृषीकेश त्या खोलीत बसून अब्जावधी प्रकाशवर्षं दूरच्या दीर्घिका-समूहांमधला तापलेला वायू मोजत होता. यावरचे सगळे विनोद डिसेंबरातच करून संपले होते.

त्याची बायको वीणा कॉर्कच्या हॉस्पिटलात डॉक्टर होती आणि ड्यूटीच्या दिवशी बारा-बारा तास वॉर्डात उभी असे. आठ वर्षांची ज्ञानदा स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉपसमोर शाळेत जात असे. मराठी तिला सगळं कळायचं. उत्तर मात्र कॉर्कच्या हेलातल्या इंग्रजीत यायचं.

हृषीकेशच्या कामातली गंमत अशी होती. समूहातला वायू दहा कोटी अंशांपर्यंत तापलेला असतो. पण त्याच्या मागून विश्वाचा जुना, थंडगार उजेड येत असतो, आणि दोन मिलिमीटर तरंगलांबीला पाहिलं, तर हा वायू त्या उजेडात खळगा पाडतो. म्हणजे जी जागा सगळ्यांत गरम, तीच नकाशावर सगळ्यांत थंड दिसते.

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वीणा म्हणाली होती, "तुझ्या आईसारखं."

पण खरं काम मोजण्याचं नव्हतंच, वजा करण्याचं होतं. हे टिपणारी दुर्बीण स्पेनमधल्या डोंगरावर होती; तिच्या डोक्यावर हवा होती, हवेत वाफ होती, आणि वाफ आकाशापेक्षा कितीतरी जास्त चमकायची. म्हणून प्रोग्राम एक साधा नियम पाळायचा: सगळ्या संवेदकांना जे एकसारखं दिसतं ते वातावरण, ते फेकून द्या. उरेल ते खरं. या गाळणीतून खरंही वाहून जातंय का, हे तपासायला नकाशात मुद्दाम खोटे समूह पेरायचे आणि किती परत सापडतात ते पाहायचं.

बाकीचे लोक या खोट्या समूहांना आकडे देतात. आकडे हृषीकेशच्या लक्षात राहत नसत. त्याने कॉर्क-लिमरिककडच्या मराठी मंडळींचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडला आणि त्यातली एकोणचाळीस नावं उचलली. शेवटी समूह तो समूह. रोज नुसतं 'सुप्रभात' टाकणाऱ्या मोरेश्वरला त्याने अगदी उथळ खळगा दिला. ज्ञानदा ग्रुपमध्ये नव्हती, पण चाळीसावं तिचं नाव घातल्याशिवाय यादी पुरी वाटेना; लहान म्हणून तिलाही उथळच. स्वतःचं नाव त्याने घातलं नाही. मोजणाऱ्याने तराजूत बसू नये.

दोन खोटे समूह जवळजवळ ठेवायचे नाहीत, हा या धंद्यातला पहिला धडा. मोठ्या खळग्याभोवती गाळणीमुळे खोटा उंचवटा उठतो आणि शेजारचा लहान खळगा त्यात बुजून जातो. हृषीकेशने हे विद्यार्थ्यांना कितीदा तरी सांगितलं होतं. पण एका घरातली माणसं आकाशाच्या दोन टोकांना टाकायला त्याचा हात होईना. पद्माकर-शोभना त्याने शेजारी ठेवले. वीणाला ज्ञानदाच्या शेजारी ठेवलं.

दर शुक्रवारी दुपारी तीनला प्रोग्राम युनिव्हर्सिटीच्या मशिनवर आपोआप चाले. खळगा गोंगाटाच्या किती पट ठळक, याचा आकडा पाचाच्या वर आला तर समूह सापडला. खाली आला तर तो गोंगाट. पहिल्या शुक्रवारी एकोणचाळीस सापडले. मोरेश्वर गेला होता.

"ग्रँड," त्याचा बॉस डॉनल कॉलवर म्हणाला. "पुढच्या आठवड्यात गाळणी आणखी बारीक करू."

चहा पिताना हृषीकेशने वीणाला सांगितलं, "आपला मोरेश्वर वाहून गेला."

"कोण मोरेश्वर?"

"अगं, सुप्रभात!"

"काय सुप्रभात? साडेचार वाजलेत." ती हसली नाही. दमलेली होती.

त्याने ग्रुप उघडला. सुप्रभात कुठेच नव्हतं. २०१९ च्या गणपतीचा फोटो काढला. दुसऱ्या ओळीत दोघे जण दोन्ही बाजूंनी हात पसरून उभे होते, आणि त्यांच्या मधे एका माणसाइतकी जागा होती. दोघांचे हात त्या जागेच्या खांद्यांवर होते.

खरं सांगायचं तर हृषीकेशलाही त्याचा चेहरा आठवेना. नाव आठवत होतं, ते केवळ यादीत लिहिलेलं होतं म्हणून.

दुसऱ्या शुक्रवारी पद्माकर आणि शोभना गेले. पोर्टलीशला यांच्या घरी आपण जेवलो असणार, असा हृषीकेशने अंदाज केला, कारण त्याच्या फोनमध्ये त्यांच्या घराचा पत्ता होता. त्याने लिमरिकच्या गिरीशला फोन लावला. गिरीश सॉफ्टवेअरमध्ये होता आणि जगातल्या प्रत्येक मराठी माणसाला ओळखत असल्याचा त्याचा दावा होता.

"पद्माकर? पोर्टलीशला आपलं कुणी नाहीच रे. असतं तर मी वर्गणी सोडली असती का? तू जरा बाहेर पड. पाच किलोमीटर पुष्कळ असतात."

त्याच दिवशी वीणा म्हणाली, "हे फसवणुकीचे फोन फार वाढलेत. आज तर चक्क मराठीत! 'वहिनी, मी बोलतोय, ओळखलं नाही का?' म्हणे. रडत होता बिचारा. मी ठेवून दिला."

हृषीकेशने आपला फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

मग त्याने जे पहिल्याच दिवशी पाहायला हवं होतं ते पाहिलं. ज्ञानदाचा आकडा पहिल्या शुक्रवारी सहा पूर्णांक एक होता. दुसऱ्या शुक्रवारी पाच पूर्णांक तीन.

तो आठवडाभर नदीकाठच्या बागेत पाऊस पडत होता. दारूच्या जुन्या गिरण्यांच्या भिंतींवरून पाणी ओघळत होतं, म्हणजे तोफांच्या दारूच्या. बापलेक रोज दुपारी तिथे चक्कर मारत. ओळखीचे लोक हृषीकेशला हात करत, मास्कमागून हसत. तिच्याकडे कुणी बघत नसे. बुधवारी एक कुत्रा सरळ तिच्या पायांवर येऊन आदळला आणि गोंधळून भुंकला.

गुरुवारी ती लॅपटॉप मिटून त्याच्या दाराशी आली. "बाबा, मिस ओ'रीगन फरगॉट मी. इन द रोल-कॉल. ट्वाइस."

"तू 'प्रेझेंट' म्हणालीस ना?"

"आय डिड. शी सेड, इज देअर समवन ऑन म्यूट?"

दुपारी वीणाने जेवायला दोन ताटं घेतली. वरण वाढलं, भात वाढला, बसली. हृषीकेश तिच्याकडे बघत राहिला. ज्ञानदा आपली खुर्ची धरून उभी होती.

"काय झालं?" वीणाने विचारलं. मग तिची नजर खुर्चीवर गेली, आणि तिचा चेहरा पांढरा पडला. "अगंबाई! ये ना, ये. काय झालंय मला? ड्यूट्या फार झाल्या, दुसरं काही नाही." तिने लेकीला इतकं घट्ट धरलं की पोरगी "आऊ" म्हणाली.

शुक्रवारी वीणा सकाळीच गेली. हृषीकेश नऊ वाजल्यापासून यादी उघडून बसला.

प्रोग्राम थांबवणं त्याच्या हातात नव्हतं. तो डॉनलच्या नावावर चाले. त्याने डॉनलला फोन केला.

"एक आठवडा थांबता येईल का?"

"का रे?"

याचं जे उत्तर होतं ते शास्त्रज्ञाने देण्यासारखं नव्हतं. "घरी जरा अडचण आहे."

"मग तर तू आराम कर. तीनला तो आपोआप चालेल. नो बॉदर."

ज्ञानदाचं नाव यादीतून काढून टाकायचं? त्याचं बोट त्या ओळीवर गेलं आणि तिथेच थांबलं. ज्यांची नावं यादीत होती, ते निदान आधी होते. नावच काढलं, तर काय काय निघेल, कुणी सांगावं?

उरला एकच उपाय. ज्याचा खळगा खोल, त्याला कुठलीच गाळणी धुऊन नेऊ शकत नाही.

तीनला दहा कमी असताना त्याने ज्ञानदाच्या खळग्याच्या खोलीपुढे एक शून्य वाढवलं. मग, बापच तो, आणखी एक. फाइल ठेवून दिली. कपाळावरचा घाम पुसला आणि चहा टाकायला खाली गेला.

ज्ञानदा टेबलाशी चित्र काढत होती. तिने मान वर केली. खोली एकदम गार झाल्यासारखी वाटली.

पाणी उकळत असताना हृषीकेशला काहीतरी आठवलं. विद्यार्थ्यांना तो नेहमी सांगायचा ते. मोठ्या खळग्याभोवती उंचवटा उठतो, आणि शेजारी जर—

तो जिन्याकडे धावला. दोन दोन पायऱ्या चढला.

घड्याळात तीन वाजले.

तो जिन्याच्या मधोमध उभा होता, एक हात कठड्यावर. आपण कशासाठी धावत होतो, हे त्याला काही केल्या आठवेना. म्हणून तो सावकाश वर गेला.

निकाल आला होता. ज्ञानदा: पाचशे सात. नकाशाच्या मधोमध तो काळाभोर खळगा पाहून त्याचे डोळे भरून आले. इतरही बहुतेक सापडले होते. न सापडलेल्यांत आणखी एका नावाची भर होती. माणसांच्या यादीत हे वाद्याचं नाव आपण कुठल्या तंद्रीत घातलं, याचं त्याला हसू आलं.

संध्याकाळी त्याने दोघांपुरते पोहे केले. नेहमीसारखे. सहाच्या सुमाराला दाराशी खुडबुड झाली. कुणीतरी कुलपात किल्ली फिरवत होतं. त्याने दार उघडलं.

बाहेर एक बाई उभी होती. हॉस्पिटलचं जॅकेट, मास्क, केस पावसाने भिजलेले.

"अरे, ही लागतच नाहीये," ती मराठीत म्हणाली.

बॅलिन्कॉलिगमध्ये मराठी माणूस! हृषीकेशला खरंच बरं वाटलं. "नमस्कार. आपण कुठे असता?"

"हृषी, चेष्टा पुरे हं. पाय तुटलेत माझे."

माझं नाव हिला कुणी सांगितलं, असं त्याच्या मनात आलं. गिरीशने असेल. "माफ करा, आत बोलावता येत नाही. नियम कडक आहेत, तुम्हाला माहीतच असेल. काही हवं आहे का? पाणी?"

तिने मास्क खाली ओढला. तो शिष्टाचार म्हणून दोन पावलं मागे सरला. ती त्याच्या खांद्यावरून आत बघत होती.

"ज्ञानू," ती म्हणाली. "ज्ञानू, बाळा."

"हू इज शी, बाबा?" ज्ञानदाने तोंडातला घास न गिळता विचारलं.

"कुणी मराठी बाई आहेत. घर चुकलंय त्यांचं."

त्याने नमस्कार केला आणि दार हळूच लावलं. काचेमागे तिची आकृती बराच वेळ होती. ती दार वाजवत नव्हती. मग काचेवर नुसता पाऊस राहिला.

थोड्या वेळाने त्याने बाहेर डोकावलं. रस्ता रिकामा होता. पायरीवर तिचे बूट होते, आत येण्याआधी काढावेत तसे नीट काढून ठेवलेले, चवडे घराकडे. भिजतील म्हणून त्याने ते उचलून आत आणले. चपलांच्या रॅकवर त्याच्या आणि ज्ञानदाच्या जोड्यांच्या मधे एक जागा रिकामी होती.

तिथे ते बरोबर बसले.