चौथा चौकोन

लखन पहिल्यांदा आला तो चुकून. लातुरात झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही चौघं रविवारी दुपारी फासे-सोंगट्यांचा, गोष्टीतल्या वीरांचा खेळ खेळायला बसतो. तो शेजारच्या क्लासचा इन्व्हर्टर बघायला आलेला. मी कथा सांगत होते... आमच्यातल्या सत्यमच्या वीरानं राक्षसाचं मनगट धरलं, फासे पडले, आता राक्षस जागचा हलणार नाही—

"मनगट धरून कोणी थांबतंय व्हय?" दारातून आवाज आला. "कंबर धरावी लागते, मॅडम. तालमीत पाच वर्षं घातलीत म्या."

"मग बसा की," मी म्हणाले. म्हणाले खरी, पण कानशिलं गरम झाली.

तो बसला, तो बसलाच. सोंगटी सरकवायच्या आधी नकाशाला हात लावून कपाळाला लावायचा, आखाड्यातल्या मातीला लावावा तसा. सत्यम हसायचा. मला मात्र ते फार गोड वाटायचं.

आमच्या खेळात वीर कागदावर असतात, कथा मी सांगते. तीही कीर्तनाच्या अंगानं. दुसरं मला येतच नाही. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाचं बोलणं माझ्या तोंडून. एक नियम मात्र कडक : ज्याचा वीर मेला, त्यानं खुर्ची सोडायची. एव्हाना जागेसाठी दोघंजण थांबलेलेही होते.

मार्गशीर्षातला रविवार. खिडकीतून डाळ मिलचा खमंग वास येत होता. मंदिर कोसळत होतं, दगडी दार खाली येत होतं, आणि आत मी रंगवत आलेला, बोलता बोलता डोळे मिटून थांबणारा म्हातारा वीणेकरी पडला होता. लखनच्या वीरानं त्याला काखेत धरलं.

"धरून ओढलं की चाल निम्मी," मी म्हणाले. "सहाऐवजी तीन चौकोन. दार चौथ्यावर आहे... आणि ही शेवटची पाळी."

"जास्तीची धाव?" लखननं विचारलं.

"पाळीला मुभा एकच, ती धरण्यातच गेली."

"सोड की बे त्याला!" सत्यम ओरडला. "एकटा आरामात निघतोस. म्हातारा कोणाचाच न्हाई, हिनं बनवलाय."

लखननं माझ्याकडे पाहिलं. "सोडलं तर म्हातारा मरतो?"

"हो."

"मग न्हाई सोडत."

एक चौकोन द्यावा... कोण विचारणार होतं? पण बाबा म्हणायचे, ताल चुकला तर चुकला म्हणावं, देवापुढं लपवू नये. आणि त्याला फुकट वाचवलं असतं, तर त्यानं जे केलं त्याची किंमत काय राहिली असती? मी सोंगटी तिसऱ्या चौकोनावर ठेवली.

"दार पडलं," मी म्हणाले. माझाच आवाज मला ओळखू येईना.

लखननं कागदाची नीट घडी केली, सगळ्यांना रामराम केला आणि निघाला. मी मागोमाग जिन्यात.

"राग आला?"

"छे! बरोबर नियम लावला तुम्ही. लावला नसता तर राग आला असता." तो थांबला. "एक विचारू? हा म्हातारा मी कुठंतरी ऐकलाय. आमच्या रेणापूरच्या सप्ताहात एक महाराज चाल बदलायच्या आधी असंच थांबायचे... डोळे मिटून. मी लहान होतो. मांडव सगळा श्वास धरून बसायचा बघा."

चार महिने ते पात्र मी बोलत होते. टेबलावर कोणाला कळलं नव्हतं.

"ते माझे बाबा. आप्पासाहेब. दोन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं. आता गात नाहीत."

त्यानं कागदाची घडी खिशात ठेवली.

"त्यांना भेटायला येऊ?"

"कशाला? गाणं नाही ऐकायला मिळणार."

"त्यांनी इतकी वर्षं ऐकवलं. आता मी म्हणतो, त्यांनी ऐकावं. गळा माझा बेसूर हाय, पण अभंग पाठ हाय."

मला हसू आलं, डोळेही भरले. "आई विचारेल, हा कोण म्हणून."

"काय सांगाल? इन्व्हर्टरवाला?"

"नाही."

"मग... खेळातला गडी? तोबी आता मेलाय—"

"सांगणार आहे, मला आवडतो हा म्हणून."

लखन पायरीवर मटकन बसला.